गच्चीवरून गेलेली वायर

—खरं सांगतो साहेब, अक्षरन् अक्षर खरं, गोठ्यातल्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून सांगतो. म्हणजे म्हैस आता नाही. गोठाही नाही, त्याच्या चार खोल्या काढल्या, आठ ते अकरा. पण शपथ म्हशीचीच, खोलीची शपथ कुणी घेतं होय? आणि सगळंच खरं असं तरी कुठं म्हणतोय मी — सांगताना थोडं इकडंतिकडं होतं, आमटीला फोडणी बसते तसं. आता आतून आमची सोजराबाई ओरडेल बघा, ‘तुमच्यात नुसती फोडणीच हाय, आमटी कुठाय?’ — लक्ष देऊ नका. बसा. हेल्मेट ठेवा तिथं खुर्चीवर. चहा येईलच. कुरुळीत अर्जुनरावाच्या ओट्यावरून चहा न पिता कुणी गेलेलं नाही. हां, तर पुन्हा वाचा तो प्रश्न. ‘वर्तणूक समाधानकारक होती का — होय, नाही.’ बस्स? चार वर्षं माणूस सात नंबरच्या खोलीत राहिला, माझ्या भिंतीला त्याची भिंत, आणि कंपनीला पाहिजे काय, तर होय नाहीतर नाही. त्यापेक्षा आमची पत्रिका बघायची पद्धत बरी, तिथं निदान छत्तीस गुण तरी असतात.

आणि खाली माझी सही. बोटानं? या काचेवर? आणि समजा नाही केली तर? — असं. घरमालकाची सही नसली की फॉर्म आपोआप ‘नाही’त जातो. म्हणजे नवनाथची नोकरी या बोटावर आहे म्हणा की. हे बोट कोयता लागून वाकडं झालंय, चालेल ना? चालेल. करतो. करतो म्हणलं ना. एवढी काय घाई, अजून सेकंड शिफ्टच्या बसेस पण गेल्या नाहीत.

तुम्ही नवनाथला भेटलायत का कधी? नाही ना, तुम्हाला नुसता कागद भेटतो. बीडकडचा. जनरेटरचा मेकॅनिक. बायको रुपाली, मुलगी तिसरीत. बोलायला असा की, ‘तात्या’ म्हणायचा आणि पुढचं वाक्य दुसऱ्या दिवशी. पण कान! इथं ओट्यावर बसायचा, लाइट गेली की चारी बाजूंच्या कंपन्यांचे जनरेटर धडधडायला लागतात ना, हा मान वाकडी करून ऐकायचा आणि सांगायचा, ‘तात्या, त्या निळ्या पत्र्याच्या कंपनीतला तिसरा सिलिंडर खोकतोय.’ आणि दोन दिवसांनी खरंच तिथला जनरेटर बसलेला असायचा. बरं, हे दोनदाच झालं, पण मी गावात वीसदा सांगितलं. नऊ वर्षं माणूस कॉन्ट्रॅक्टवर — सात महिने इथं, सात महिने तिथं, मधे घरी. आता महाळुंग्याच्या कंपनीत त्याला कायम करतायत, म्हणून तर तुम्ही आलात मागच्या पत्त्याची चौकशी करायला. कायम! साहेब, या पट्ट्यात एक वेळ माणसाला देव भेटेल, कायमची ऑर्डर भेटायची नाही.

पुढचा प्रश्न? ‘यापूर्वी परदेशात वास्तव्य?’ व्हय. होतं की. इराकात. बारा वर्षं झाली असतील. लिहा, लिहा. आता हे ऐकाच तुम्ही, टाइप करायचं थांबवून ऐका. पुण्यातल्या एका एजंटानं पाठवला त्याला, दुबई म्हणून. उतरला इराकात. शहराचं नाव त्यानं सांगितलं होतं, पण माझ्या जिभेला ते वळत नाही. तिकडं कसं असतं, सरकारी वीज दिवसातून चार तास, बाकी सगळा कारभार जनरेटरवर. गल्लीत एक मोठा डिझेल जनरेटर, त्याचा एक मालक, आणि तिथून घराघरात वायरी. खांब नाहीत. या गच्चीवरून त्या गच्चीवर, त्या गच्चीवरून पुढच्या. म्हणजे तुमच्या घरात दिवा लागायचा तर मधल्या सगळ्यांनी आपापल्या गच्चीवरून वायर जाऊ दिली पाहिजे. आपल्याकडं बांधावरून डोकी फुटतात, तिकडं गच्चीवरून. नवनाथचं काम ते — जनरेटर चालू ठेवायचा आणि वायरी ओढायच्या. मालक एक म्हातारा होता, त्याला सगळे हाजी म्हणायचे. पाचही वेळा नमाज पढणारा, पण नवनाथचा उपास असला की याच्यासाठी आठवणीनं खजूर आणून ठेवायचा.

तर त्या गल्लीच्या तोंडाला सरकारी सैनिकांची चौकी. तेही मुसलमानच, पण दुसऱ्या पंथाचे, दुसऱ्या मुलखातले — आणि राजधानीत राज्य त्यांच्या लोकांचं. गल्लीतला माणूस चौकीवर आला की आधी नाव विचारायचे, मग बापाचं नाव, मग आजोबाचं. नाव पसंत पडलं नाही की भिंतीकडं तोंड करून उन्हात उभं. तास, दोन तास. बायकांसमोर. हाजीचा पोरगा एकदा जनरेटरचा फिल्टर आणायला गेला, चौकीवर थांबवला, जीपमध्ये घातला. फिल्टर परत आला. पोरगा आला नाही. म्हातारा रोज सकाळी चौकीवर जायचा विचारायला, आणि रोज त्याला उभं करायचे. नवनाथ म्हणाला, ‘तात्या, एक वर्ष मी त्या माणसाची फक्त पाठ बघितली.’

आणि मग ते आले, काळे झेंडेवाले. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच. एका दुपारी चौकीवरचे सैनिक पळाले, अंगातली वर्दी काढून पळाले, गटारीत नुसते बूट. नवनाथ तीन दिवस ऑइलच्या पिंपांमागं लपला. हिंदू माणूस, परमुलूख, आणि आलेत कोण तर गळे कापणारे. चौथ्या दिवशी भीत भीत बाहेर डोकावला, तर गल्लीत सरबत वाटतायत! बायका खिडकीतून साखरेच्या गोळ्या टाकतायत. त्यानं म्हाताऱ्याला विचारलं, मोडक्यातोडक्या भाषेत, ‘हाजी, ही माणसं गळे कापतात, माहीत आहे ना?’ म्हातारा म्हणाला, ‘माहीत आहे. पण चौकी उठली.’

एवढंच म्हणाला. चौकी उठली.

त्या लोकांनी गल्लीच्या टोकाला शाळेत आपलं ऑफिस टाकलं, त्यांना वीज पाहिजे. मधे सात गच्च्या. सातही घरांनी हसत गच्ची दिली, एका म्हातारीनं तर स्वतः शिडी धरली. वायर ओढली कुणी? नवनाथनं. आणि ओढल्यावर — हे ऐका आता — त्यांचा जो म्होरक्या होता, दाढी इथपर्यंत, खांद्याला बंदूक, त्यानं नवनाथला जेवायला बसवलं. ताट केवढं म्हणता, बैलगाडीचं चाक! त्यावर भाताचा डोंगर, वर अख्खं बोकड. पाच-पाच जण एका ताटात. आणि म्होरक्यानं स्वतःच्या हातानं लुसलुशीत तुकडा तोडला आणि पहिला घास भरवला कुणाला, तर आपल्या बीडच्या नवनाथला! वर आपल्या हातातलं घड्याळ काढून त्याच्या मनगटात बांधलं, सोनेरी पट्ट्याचं. ‘आजपासून तू आमचा,’ म्हणाला. अहो, मी हे ज्या ज्या ठिकाणी सांगितलं — सलूनमध्ये, वजनकाट्यावर, सोसायटीच्या मीटिंगला — माणसं बडबड करायची थांबायची. तुम्हीपण थांबलात बघा. बोट वर राहिलं तुमचं.

लिहिताय काय? शेऱ्याच्या चौकटीत? बरं, लिहा, पण पुढचंही ऐका, नुसतं मधलं लिहिलं तर अर्थ बदलतो.

तीन महिन्यांत सरबत आटलं. आधी सिगारेट बंद. मग न्हाव्याचं दुकान बंद. मग बेकरीवाल्याला भर चौकात फटके, कशाचे तर नमाजाच्या वेळेला भट्टी पेटती ठेवली म्हणून. अहो, पाव काय अजान झाली की आपोआप भाजायचा थांबतो? हाजी, जो पाचही वेळा पढायचा, तो आता घरातच पढायला लागला. म्हणायचा, ‘ही माणसं मला देव शिकवणार?’ आणि मग काय झालं, पहिल्या गच्चीवाल्याची भिंत अचानक कच्ची झाली, वायर सोसत नाही म्हणाला. दुसऱ्याच्या गच्चीवर कबुतरांनी अंडी घातली, त्यांना त्रास होतो. तिसऱ्याची बायको आजारी, गच्चीवर परक्या माणसानं यायचं नाही. महिन्यात तीनदा वायर तुटली. नवनाथ वर जाऊन बघायचा, तर सरळ सुरीनं कापलेली. म्होरक्या विचारायचा, कुणी तोडली? नवनाथ म्हणायचा, ‘उंदीर.’ — ‘एवढे उंदीर?’ — ‘मोठे आहेत.’ मानेवर बंदुकीची नळी टेकलेली असताना म्हणायचा, बरं का. सबंध गल्ली त्या एका शब्दावर जिवंत राहिली.

मग विमानं आली. परदेशी. निशाणा शाळेवर, आणि बॉम्ब पडला कबुतरवाल्याच्या घरावर. अकरा माणसं. त्यात चार लेकरं. दुसऱ्या दिवशी नवनाथ बघतो तर उरलेल्या सहाही गच्च्या पुन्हा उघड्या. कबुतरवाल्याचा भाऊ — आठ दिवसांपूर्वी जो सुरी घेऊन वायर कापत होता तो — स्वतः वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन शाळेकडं चालला होता. माणसं तीच, गच्च्या त्याच. पुढं म्हाताऱ्यानंच नवनाथला भंगार बॅटऱ्यांच्या ट्रकमध्ये घालून डोंगराकडच्या मुलखात पोचवला, तिथून विमानानं आला. आला, लग्न केलं, इकडं आला. बारा वर्षं घराबाहेर कुणाला एक शब्द बोलला नाही.

—वर नका बघू. नको, मान खालीच ठेवा. पत्र्याखाली जो पांढरा डबा दिसतोय ना, तो कॅमेरा आहे. आमच्या शेखरच्या मोबाइलवर दिसतं सगळं, माझा मुलगा हो, तुमच्याच वयाचा. आवाज येत नाही त्यात, नुसतं चित्र येतं. म्हणून तर मी मघापासून हसत बोलतोय. तुम्हीही हसा जरा. असं नाही, दात दिसू द्या. हां. आता कसं, दोघं मजेत गप्पा मारतोय.

येताना तुम्हाला थांबवलं असेल ना, रस्त्यात आडव्या बांधलेल्या दोरीपाशी? नाव विचारलं? आडनाव? गाव? मग आधार कार्डाचा फोटो? हां. ती आमचीच पोरं. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांनाच विचारतात. अहो, इथं गावचे आम्ही मूळचे दोन हजार आणि भाडेकरू वीस हजार. गेल्या वर्षी रोज एक मोटरसायकल चोरीला. पोलिसांत तक्रार द्यायला गेलो की म्हणायचे, ही हद्द आमची नाही, त्या चौकीला जा. त्या चौकीत गेलो की म्हणायचे, कागद आणा. अर्जदार म्हणून मी स्वतः तीन तास उभा होतो हो, माझ्या गावात, माझ्या बापाच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या चौकीत! एक हवालदार, नवा, बाहेरचा, मला म्हणतो, ‘काका, बाजूला व्हा.’ मग टीव्हीवर एका बॉम्बस्फोटाची बातमी, मग तोंडावर निवडणूक. दादासाहेबांनी — आमचे पुढारी, जागेजमिनीचं काम बघतात — त्यांनी पोरांना एक टेबल दिलं, एक दोरी दिली, एक रजिस्टर दिलं आणि काठ्या. आणि साहेब, पंधरा दिवसांत चोऱ्या थांबल्या! मग पोरांना चहा कुणी द्यायचा? गावानं. नाश्ता? गावानं. मीही दिला. दादासाहेब म्हणाले, कॅमेरे लावू, चौकातून मंदिरापर्यंत, वायर तुमच्या गच्च्यांवरून जाईल. एका घरानं नाही म्हणलं नाही. आमच्या गच्चीवर तर मी स्वतः शिडी धरली.

पोरं काठ्या घेऊन बसतात, त्यात एखाद्याच्या पाठीवर बसतेही काठी. परवा एका बिहारी पोराचा हात मोडला. माहीत आहे. पण चोऱ्या थांबल्या.

काय म्हणत होतो मी? नवनाथ. हां. एका संध्याकाळी पोरं इथं ओट्यावर जमलेली, शेखर, अजून चार-पाच जण. मोबाइलवर कुठल्या तरी देशातला मोर्चा बघत होती, बंदूकवाल्यांचा जयजयकार चाललेला. शेखर म्हणाला, ‘ह्यांच्या रक्तातच असतं. पोथीतच असतं. नायतर कसायाला कोण हार घालतं?’ आणि नवनाथ, जो चार वर्षांत या ओट्यावर चार वाक्यं बोलला नव्हता, तो बोलला. हळू बोलला. सगळं सांगितलं त्यानं — चौकी, सरबत, उंदीर, बॉम्ब. शेवटी म्हणाला, ‘शेखरभाऊ, धर्म तिन्ही वेळा तोच होता. पोथी तीच होती. मग माणसं तीनदा का बदलली? ते झेंड्याला गच्ची देत नव्हते. समोर जो उभा असायचा, त्याच्यावरच्या रागानं देत होते.’

तेवढ्यात लाइट गेली, सगळीकडं जनरेटर सुरू झाले, आणि पहिल्यांदाच नवनाथनं ते कान देऊन ऐकले नाहीत. तो वर बघत होता. गच्चीवरून जी नवी काळी वायर गेली होती ना कॅमेऱ्याची, तिच्याकडं. मला म्हणाला, ‘तात्या, वायर कुठून कुठून गेलीय बघा.’ मी म्हणलं, कुठून म्हणजे? सगळ्यांच्या गच्चीवरून. तो म्हणाला, ‘तेच.’

तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण माझ्यासारख्या माणसाच्या हातात अशी गोष्ट पडली, साहेब, आणि गप्प बसायचं? मी गावभर सांगितली. आधी जशीच्या तशी. पण नुसत्या वायरला माणसं हुं हुं करतात, मग मी — मग जरा रंगत आणली. जेवण आलं, घड्याळ आलं. ‘तू आमचा’ आलं. लोक खूश. आणि ती गोष्ट फिरत फिरत दोरीपाशी गेली.

तीन आठवडे झाले. दुपारची वेळ, हीच. पोरांनी नवनाथला बोलावलं, म्हणाली, अजून आठ कॅमेरे बसवायचेत, वायर ओढून दे, तुझंच काम आहे. तो म्हणाला, ‘मोटर बिघडली तर सांगा, पंप दुरुस्त करून देतो. वायर नाही ओढणार.’ का? ‘एकदा ओढलीय.’ बस, एवढ्यावर पेटलं. म्हणजे तिकडं त्यांच्यासाठी ओढतोस आणि गावासाठी नाही? शेखर आला मला बोलवायला. मी गेलो. वीस-पंचवीस पोरं, मधे खुर्चीवर दादासाहेब, नवनाथ दोरीच्या त्या बाजूला. शेखरनं विचारलं, सगळ्यांसमोर, ‘तात्या, तुमाला त्यानं सांगितलंय. हा तिथं नुसता कामाला होता का त्यांच्यात होता?’

आता तुम्ही सांगा. काय म्हणणार माणूस? पोटचा पोरगा विचारतोय. दादासाहेब बघतायत. आणि सगळ्यांना गोष्ट पाठ आहे, माझ्याच तोंडून ऐकलीय त्यांनी — आता मी म्हणायचं, मी खोटा? नवनाथनं माझ्याकडं बघितलं. नुसतं ‘तात्या’ म्हणाला. पुढचं वाक्य दुसऱ्या दिवशी बोलणारा माणूस तो. आणि मी... मी गोष्ट सांगितली. झकास सांगितली. ताट, बोकड, घास, घड्याळ. त्या दिवशी जेवढी रंगली तेवढी कधीच रंगली नव्हती.

मारला नाही त्याला. खोटं कशाला बोलू, हातही लावला नाही. फक्त उभा केला. दोरीपलीकडच्या दुकानाच्या भिंतीकडं तोंड करून, दोन ते पाच. एप्रिलचं ऊन. मुलगी शाळेतून आली ती त्याच रस्त्यानं आली. रुपाली इथं आली होती, ह्या पायरीपाशी. म्हणाली, ‘तात्या, यांनी मला समदं सांगितलंय, त्यात जेवण न्हवतं हो. तुमी एवढं एकच जाऊन सांगा ना त्यांना.’ मी म्हणलं, बाई, पाणी पी आधी. आणि पंख्याखाली जाऊन बसलो. सोजराबाई तांब्या घेऊन गेली त्याच्यासाठी, पोरांनी दोरीच्या पलीकडं जाऊ दिलं नाही तिला — आपल्याच आईला, साहेब. पाच वाजता सोडला. मी या ओट्यावरून त्याची फक्त पाठ बघितली. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला, गॅस, गाद्या, मुलीची सायकल. जाताना आमच्या पाण्याच्या मोटरचा आवाज ऐकून थांबला, पाच मिनिटं खाली बसून सैल झालेला बोल्ट घट्ट केला, आणि गेला.

मघाशी म्हणालो ना, सोजराबाई आतून ओरडेल? नाही ओरडत. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. चहापण येणार नाही. तुमचा वेळ घेतला मी उगाच.

तर आता ऐका, आणि हे लिहा. हसत ऐका. सगळं खरं आहे. चौकी खरी, पोरगा खरा, सरबत खरं, कबुतरं, उंदीर, ती अकरा माणसं, सगळं त्यानं सांगितलं तसं. वायर त्यानं पहिल्या दिवसापासून मानेवर नळी असताना ओढली. खोटं फक्त जेवण. तो घास खोटा. ते घड्याळ खोटं. नवनाथनं त्यांच्या घरचा पाण्याचा घोटपण घेतला नाही. मग मी एवढं ताट आणलं कुठून? डोक्यातून? नाही हो, तेवढी अक्कल नाही मला. ते ताट मी बघितलंय, साहेब. दोन महिन्यांपूर्वी दादासाहेबांच्या वाढदिवसाला, फार्महाऊसवर. पाच-पाच पोरं एका ताटात, भाताचा डोंगर, वर बोकड. दादासाहेबांनी स्वतःच्या हातानं तोडून पहिला घास भरवला तो आमच्या शेखरला. घड्याळ काढून बांधलं, सोनेरी पट्ट्याचं. ‘आजपासून तू आमचा.’ मी बाप म्हणून टाळ्या वाजवत होतो. ते जेवण मी उचललं आणि नेऊन ठेवलं त्या परक्या मुलखात.

खोडा ते. शेऱ्यात ‘जेवला’ लिहिलंय ना तुम्ही, ते खोडा आधी. आणि ‘होय’ दाबा. समाधानकारक, होय. कुठं सही करायची? इथं? काच गरम झालीय. धरा नीट, बोट वाकडं आहे माझं—

थांबा.

ही गाडी त्याची. सायलेन्सरवरून कळतं मला, एवढं नवनाथनं शिकवलंय. बघितलं असणार मोबाइलवर, फार वेळ बसलात तुम्ही. ती काच ठेवा आत. बॅगेत, बॅगेत. नाही, सही नाही, सही-बिही काही नाही, माझ्याकडं बघू नका असं— हसा.

ये शेखर. कोण नाही रे, खोली बघायला आलेत. सात नंबरची. सांगत होतो, द्यायची नाही म्हणून. शेखर, वाजले किती बघ रे. तुझ्या घड्याळात बघ, हात वर कर जरा, मला दिसत नाही... तीन. ऐकलंत ना पाहुणे? बघितलंत ना नीट? तीन वाजले.

खोली रिकामी नाही. निघा तुम्ही.